दिव्यांना आडोसा

विषय: दवाखान्याजवळच्या वळणावरील नव्या दिव्यांना पत्र्याचा आडोसा बसवण्याबाबत.
संदर्भ: नगरपालिकेच्या कनिष्ठ अभियंता वैजयंती खरमाटे यांचा अर्ज.

हे दिवे इतके प्रखर होते की महिनाभरात चार दुचाकीस्वार डोळे दिपून दुभाजकावर चढले. परंतु दिवे मुख्य अभियंता गुळवेसाहेबांनी निवडलेले, त्यामुळे त्यांत दोष असणे नियमात बसत नव्हते. प्रकाशयोजना परिषदेत वैजयंतीबाईंना बोलायला पाच मिनिटे मिळाली, तर अध्यक्ष नेमके साहेबच. ते इथे नाही म्हणाले की फाईल बंद. पाचवा कोण पडेल, ही धास्ती बाईंना होती.

"अहो बाई," साहेब मंचावरून हसले, "माणसं अंधारात धडपडतात. भरपूर उजेडात दिसत नाही, असा एक तरी माणूस दाखवा!"

सभागृहही हसले. तेवढ्यात बाईंचे लक्ष मंचावरच्या झोताच्या दिव्यांकडे गेले. ते थेट साहेबांच्या तोंडावर रोखलेले होते.

"ज्यांना आडोसा हवासा वाटतो, त्यांनी हात वर करा," बाई श्रोत्यांना म्हणाल्या. "साहेब, तेवढे मोजता का?"

साहेबांनी डोळे किलकिले केले, मान लांब केली आणि शेवटी कपाळावर आडवा तळहात धरला.

"बस्स, साहेब! या तुमच्या तळहाताएवढाच पत्रा मी मागतेय."

टाळ्या बराच वेळ चालल्या. साहेबांनी हात खाली घेतला.

आजमितीस मंचावरील दिव्यांना आडोसे बसले आहेत. वळणाबाबतचा अर्ज विचाराधीन आहे.