पिल्लाच्या पोटातला धागा

गोष्ट जुनी आहे. नदीकाठच्या एका गावात एक विणकर राहायचा. हाताने मोठा कसबी, जिभेने जरा तिखट. त्याच्या मागावरची लुगडी नेसून आसपासच्या गावांतल्या मुली सासरी जायच्या. सूत इतकं तलम, की दुसऱ्या कोणी नुसता हात लावला तरी तुटावं. पण या माणसाचा सुतावर भारी जीव. लडीत गुंता झाला तर तो चिडायचा नाही आणि ओढायचा तर मुळीच नाही. लडी मांडीवर घेऊन बसायचा, बोटांनी हलके हलके मोकळी करायचा आणि तिच्याशी बोलायचा, "ये, ये. घाई नाही. निवांत ये."

बायको चुलीपासून म्हणायची, "माझ्याशी कधी इतक्या गोडीनं बोलला नाहीत!"

त्यांच्या घराला एकच त्रास होता, तो उंदरांचा. सुताला खळ लावतात, म्हणजे भाताच्या पेजेत बुडवून वाळवतात, तेव्हा कुठे ते मागावर टिकतं. त्या खळीच्या वासाने उंदीर यायचे आणि लड्या कुरतडून जायचे. मांजर पाळायची सोय नव्हती, कारण मांजर ताणलेल्या सुतात नखं अडकवतं. मग विणकराने बरंच डोकं लढवलं आणि एकदा बाजारातून येताना कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं.

पिल्लू तांबूस होतं. पोट टम्म, एक कान उभा, दुसरा पडलेला. दिवसभर ते घरात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळायचं. मागावर सुतातून धोटा पळतो ना, अगदी तसं. म्हणून बायकोने त्याचं नावच धोटा ठेवलं.

धोट्याच्या भुंकण्याने उंदीर पळाले, हे खरं. पण उंदीर परवडले असं म्हणायची वेळ आली. धोटा मागाखाली मुतला. मग उंबऱ्यावर मुतला. बायकोने त्याला मोठ्या आशेने अंगणात नेलं, तर तिथे फुलपाखरामागे हुंदडला आणि आत येऊन चुलीपाशी घाण करून ठेवली. त्यात त्याचे दुधाचे दात पडून नवे दात यायला लागले होते. हिरड्या शिवशिवायच्या, मग तो दिसेल ते चावायचा. चप्पल झाली, केरसुणी झाली, विणकराच्या पायाचा अंगठाही झाला. आणि एके दिवशी त्याला खळीचा वास लागला. उंदरांना जे आवडायचं तेच यालाही आवडलं. आख्खी लडी चघळून त्याने तिचा चोथा केला.

विणकराचं डोकं फिरलं. ओट्यावर बसून तो मोठमोठ्याने बडबडायला लागला, तशी गल्ली गोळा झाली.

शेजारचा तेली म्हणाला, "जिथं घाण केली तिथंच नाक घासा त्याचं."

समोरचा सोनार म्हणाला, "एक वेळ उपाशी ठेवा. आपोआप शहाणं होतं."

कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "छडी! दुसरं औषध नाही."

तिघांपैकी एकाच्याही घरी कुत्रं नव्हतं. पण सल्ला द्यायला कुत्रं कशाला लागतं?

विणकराने तिन्ही उपाय केले. नाक घासलं, उपाशी ठेवलं आणि छडीही चालवली. बायको मध्ये पडली. "अहो, लेकरू आहे ते. त्याला काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच कळवतोय," विणकर म्हणाला.

आणि काय आश्चर्य, थोड्याच दिवसांत घर स्वच्छ झालं. मागाखाली कोरडं, चुलीपाशी कोरडं, लड्यांना कोणी तोंड लावताना दिसेना. विणकराची छाती फुगली. शिंप्याच्या दुकानात जाऊन तो सांगून आला, "सुधारला बरं का आमचा धोटा!"

बायकोला मात्र काही ते पटेना. ती म्हणाली, "सुधारला म्हणता, मग तुम्ही घरात आलात की तो खाटेखाली का जातो?"

"आदर म्हणतात त्याला."

"असेल बाई," ती म्हणाली, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

मग एका सकाळी धोटा खाटेखालून बाहेरच आला नाही. बायकोने दूधभात कालवून पुढे ठेवला, त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. एरवी ताटली चाटून ताटलीसकट घरभर फिरणारं पोर ते. दुपारी त्याला उलटी झाली. नुसतं पिवळं पाणी. पाठीला बाक काढून तो कोपऱ्यात उभा राहिला आणि बारीक आवाजात कण्हायला लागला.

तिथे कसला तरी वास येतोय म्हणून बायकोने धान्याची कणगी जरा सरकवली आणि नाकाला पदर लावला. कणगीमागे सगळा संसार मांडलेला होता. तिथे धोट्याची ओल होती, वाळलेली घाण होती आणि चावून चावून तुकडे केलेलं सूत होतं. धोटा काहीच शिकला नव्हता. तो फक्त लपायला शिकला होता.

"घ्या, हा तुमचा आदर!" बायको म्हणाली.

विणकर काही बोलणार, तेवढ्यात धोट्याने पाठ फिरवली आणि विणकराला त्याच्या शेपटीखाली काहीतरी लोंबताना दिसलं. वीतभर सूत. एक टोक बाहेर, बाकीचं पोटात.

आता विणकराचा हात तो. लोंबतं टोक दिसलं की आपोआप पुढे जाणारच. त्याने धागा चिमटीत धरला आणि जरासा ओढला. धोटा असा किंचाळला की बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"सोडा! सोडा आधी!" ती ओरडली. "लडीत गुंता झाला तर ओढता का तुम्ही? सांगा की, ओढता?"

विणकराची चिमटी सुटली. गुंता ओढला की काय होतं, हे त्या गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने मागावरचं काम तसंच टाकलं. धोट्याला उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि पलीकडच्या वाडीवर गुरांचा वैद्य राहायचा, त्याच्याकडे तरातरा निघाला. बायको मागोमाग. उन्हाची तिरीप धोट्याच्या डोळ्यांवर आली म्हणून विणकराने सावलीला हात वर केला, तर पिल्लाने मान आत ओढून डोळे घट्ट मिटले. मार बसणार असं वाटलं त्याला. विणकराने हात हळूच खाली घेतला आणि उपरण्याच्या टोकाने सावली धरली.

वैद्याने पिल्लाला मांडीवर घेऊन पोट चाचपलं. "किती सूत गेलंय पोटात?"

"माहीत नाही," विणकर म्हणाला.

"कधी गिळलं?"

"ते पण माहीत नाही."

"घरातल्या घरात आणि माहीत नाही?"

विणकराने मान खाली घातली. "तो माझ्यासमोर काही करतच नाही आता. खाटेखाली जातो, नाहीतर कणगीमागे."

"मारत होतात?"

विणकर उपरण्याची घडी घालत बसला. बायकोनेही छडीचं काही सांगितलं नाही, आणि ते तिचे उपकारच होते.

वैद्य म्हणाला, "धागा जोरात ओढला नाहीत ना? नशीब. बटव्याची दोरी ओढली की बटवा कसा चुणतो? आतडं तसं चुणतं. मग माझ्या हातात काही राहत नाही." त्याने कात्री घेतली आणि लोंबतं टोक जवळून कापून टाकलं. "पोट अजून मऊ आहे. धागा सरकतोय असं दिसतं. पातळ पेज द्या, घोट घोट. पुन्हा उलटी झाली किंवा पोट कडक लागलं तर तसंच उचलून आणा. नाहीतर वाट बघा. आलं पाहिजे ते आपलं आपण बाहेर. आणि एक सांगतो, त्याला कोंडून धरू देऊ नका. मोकळं झालं तर वाचेल."

इथेच तर सगळं अडलं होतं.

घरी आल्यावर बायकोने पेज पाजली आणि धोट्याला परसात नेलं. धोट्याने जमीन हुंगली, दोन गिरक्या घेतल्या, बसायला पाय वाकवले. तेवढ्यात त्याला दारात उभा असलेला विणकर दिसला. झालं! शेपूट पोटाखाली गेली आणि पिल्लू थरथरत भिंतीला चिकटलं. बायकोने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मोकळं व्हायचं म्हणजे मार खायचा, एवढंच त्या जिवाला शिकवलं गेलं होतं.

"मी आत जातो," विणकर म्हणाला.

"आत जाऊन काय होणार? तुम्ही दाराआड आहात हे कळतंय त्याला. आणि आज आत जाल, उद्या कुठं जाल? ती भीती तुम्ही घातलीत, तुम्हीच काढा."

विणकराला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो परसात उतरला. लांब, पार शेवग्याच्या झाडाखाली जाऊन मातीत बसला. धोट्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मांडीवर रिकामे हात ठेवले आणि लडीशी बोलायचा त्या आवाजात बोलायला लागला, "ये, ये. घाई नाही. निवांत."

धोटा भिंतीशीच. विणकर बसून राहिला. त्याला सगळ्यांत जास्त टोचत होतं ते हे, की हा आवाज त्याच्याकडे पहिल्यापासून होता. सुतासाठी होता. या पोरासाठी त्याने तो कधी काढलाच नव्हता.

उन्हं कलली. पायाला मुंग्या डसल्या तरी तो हलला नाही. धोटा भिंतीपासून जरा सुटला, विणकराकडे बघत बघत थोडासा मुतला आणि अंग चोरून उभा राहिला. आता फटका बसणार!

"शाब्बास रे," विणकर म्हणाला, "शाब्बास माझ्या राजा."

धोट्याने उभा कान पाडला, पडलेला कान उभा केला. त्याचा विश्वास बसेना. मग तो आणखी थोडा पुढे आला, गवतात गिरकी घेतली, पाय वाकवले. आणि या वेळी उठला नाही. कुंथला, थांबला, पुन्हा कुंथला. विणकराने श्वास रोखून धरला. दारातून बायकोने देवाला हात जोडले.

आणि सूत आलं. सगळं एकत्र, मळकट, गोळा झालेलं, पण मध्ये न तुटता.

विणकराचा जीव भांड्यात पडला. तो उठून नाचायलाच लागला. "झाली! झाली! अगं, झाली बघ त्याला!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की शिंपी सुई तशीच हातात घेऊन धावत आला.

"काय झालं हो? मुलगा की मुलगी?"

"शी झाली!" विणकर म्हणाला आणि आनंदाने रडायलाच लागला. शिंपी बिचारा सुई घेऊन तसाच परत फिरला. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, विणकराला हवा बदलायला न्या म्हणावं.

दुसऱ्या दिवशी धोट्याने ताटली चाटूनपुसून घेतली आणि ताटलीसकट घरभर फिरला.

त्यानंतर विणकराने लड्या उंच फळीवर टाकल्या. हिरड्या शिवशिवतात त्याला पिल्लू तरी काय करणार, म्हणून बाभळीचं एक गुळगुळीत घासलेलं लाकूड त्याला चावायला दिलं. खाणं झालं की आणि झोपेतून उठला की तो स्वतः त्याला परसात न्यायचा, काम झालं की शाब्बास म्हणायचा. कधी चुकून घरात ओल झालीच, तर पुसून घ्यायचा. तेली, सोनार आणि शिंपी अजून सल्ले द्यायचे. विणकर हसून मान हलवायचा आणि एकही ऐकायचा नाही. तरी धोट्याचं खाटेखाली जाणं एकदम काही थांबलं नाही. भीती बसते एका फटक्याने, जायला मात्र वेळ लागतो.

एका सकाळी विणकर मागावर बसला होता. फळीवरून एक लडी घसरून खाली पडली होती, ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने मान वळवली तर समोर, अगदी डोळ्यांदेखत, धोटा बसलेला. तोंडात लडी. लग्नाच्या शालूची, रेशमाची.

विणकराने मागावरून पाय खाली सोडले. धोट्याने त्याच्याकडे बघितलं. खाटेकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

विणकराने काही न बोलता हात पुढे केला, तळवा वर.

धोटा उठला, खाटेकडे पाठ करून चालत आला आणि ती लाळेने चिंब झालेली लडी त्याने विणकराच्या हातावर ठेवली. शेपूट हलवत उभा राहिला, काही मोठं काम केल्यासारखा.

"अहो, गेलं की रेशीम!" बायको धावत आली.

"जाऊ दे गं," विणकर म्हणाला. ओल्या लडीसकट त्याने पिल्लाला उचलून घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. "पळाला नाही बघ तो. माझ्याकडे घेऊन आला."

तात्पर्य इतकंच: लहानग्या जिवाला धाक घातला की त्याची चूक थांबत नाही, ती फक्त आपल्यापासून लपते. आणि लपलेली चूकच एखाद दिवशी जिवावर बेतते.