भिंगापुढे मिरवलेले कोळी

फार वर्षांपूर्वी एका डोंगरउतारावर चहाचं झुडूप आणि सावलीसाठी लावलेला शिरीष शेजारी राहत. एकदा झुडपाची पानं तांबूस पडली.

"तुझी सावलीच मला बाधली!" झुडूप शिरीषावर खेकसलं. मळेवाल्या शिवण्णालाही तसंच वाटलं. तो कुऱ्हाड घेऊन आला.

तेवढ्यात चहा संशोधन केंद्रातल्या मृणालताई पोचल्या. "थांबा, आधी बघू तर द्या," म्हणत त्यांनी पानावर भिंग धरलं.

पानावर टाचणीच्या टोकाएवढे लाल कोळी रस शोषत बसले होते. आजवर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "अरे, बाई खास आपल्याला बघायला आल्यात!" म्हणत सगळे ऐटीत भिंगासमोर रांगेत उभे राहिले.

"सापडले चोर!" ताई म्हणाल्या. "शिवण्णा, कुऱ्हाड ठेवा. हे कोळी उन्हात फोफावतात. सावली आहे म्हणून तर झुडूप तगलंय."

ताईंनी कीड खाणारे ठिपकेदार ढालकिडे आणून झुडपावर सोडले. त्या ढालकिड्यांनी ऐटबाज कोळ्यांचा फडशा पाडला आणि महिन्याभरात हिरवी पालवी फुटली.

झुडूप मग एका रणरणत्या दुपारी हळूच म्हणालं, "शिरीषदादा, ती फांदी जरा इकडे सरकवता का?"

"वारा सुटला की बघू," शिरीष म्हणाला, आणि तोवर त्याने दोन पानं पुढे केली.