दुसरा खिळा

“हा दुसरा खिळा कशाला ठोकताय, उस्ताद?”

मल्लिनाथ ट्रकखालून विचारत होता. नळदुर्गच्या अलीकडे हायवेला लागून खाजामियाँचं गॅरेज. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मल्लिनाथ हाताचा चलाख, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. दिवाळीनंतर तो स्वतःचं गॅरेज टाकणार होता.

“चपलांना,” उस्ताद म्हणाले.

गाडीखाली जाणाऱ्यानं चपला चाकापाशी काढून ठेवायच्या, असा तिथला रिवाज. चपला दिसल्या की गाडीला कुणी हात लावायचा नाही.

मल्लिनाथच्या चपला चाकापाशी होत्या. ट्रक मात्र नुसत्या जॅकवर उभा होता. जॅकनं उचलायचं, मग एक्सलखाली लोखंडी घोड्या लावून भार त्यांच्यावर सोडायचा, हे उस्तादांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पण दोन बोल्टच्या कामाला घोड्या ओढत कोण बसणार!

भिंतीवरच्या पहिल्या खिळ्यावर सिद्रामच्या चपला टांगलेल्या होत्या. सिद्राम मल्लिनाथच्या आधीचा शागीर्द. असाच नुसत्या जॅकवरच्या ट्रकखाली गेला, जॅक सटकला, आणि तो तिथंच राहिला. चपला न्यायला घरचं कुणी आलंच नाही.

“सिद्राम चुकला कुठं, उस्ताद?”

“चुकला न्हाई. तुझ्यापेक्षा हुशार होता.”

मल्लिनाथला ते झोंबलं.

“मग जॅक खराब असंल.”

“न्हाई. आजबी चांगला हाय.”

“म्हणजे?”

“तुझ्या उशाला हाय तो.”

…

मल्लिनाथच्या हातातला पाना थांबला. त्यानं मान वळवून पाहिलं. रोजचाच जॅक. पण माघार घेईल तर तो मल्लिनाथ कसला.

“मला न्हाई दगा दिला त्यानं कधी. माझा भरवसा हाय.”

“हाय ना?”

“हाय.”

उस्तादांनी आपल्या चपला काढून त्याच्या चपलांशेजारी नीट ठेवल्या. दुखरे गुडघे कसेबसे मोडत ते खाली बसले, आडवे झाले आणि सरकत सरकत त्याच्या शेजारी आले. पांढऱ्या दाढीला ग्रीस लागलं.

“उस्ताद! हे काय? बाहेर व्हा!”

“का? भरवसा हाय ना?”

“माझं ठीक हाय हो… पण तुम्ही…”

उस्तादांनी छातीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

…

मल्लिनाथ अंग चोरून बाहेर निघाला. ट्रकला धक्का लागेल या भीतीनं त्याला श्वास घेणंही जड झालं. त्यानं घोड्या ओढून आणल्या. दोन्ही बाजूंना त्या एक्सलखाली बसवल्या, हलवून पाहिल्या, पुन्हा हलवून पाहिल्या. मग उस्तादांना हात देऊन बाहेर काढलं आणि जॅक सोडला. भार घोड्यांवर आला तसा मल्लिनाथ चाकाला टेकून बसला, आणि त्याला रडू फुटलं.

उस्ताद चपला घालत होते.

डोळे पुसून मल्लिनाथ उठला. त्यानं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला पक्कड लावली.

“उपसून टाकतो ह्याला.”

“उपस,” उस्ताद म्हणाले. “पण टाकू नको. तुझ्या गॅरेजात ठोक. तिथं शेजारी झोपायला मी नसंन.”