लिथारीचा दोर

लिथारी बेटाच्या धक्क्यावर अगदी शेवटच्या दगडाला एक खाच आहे. मनगट आडवं बसेल इतकी खोल. ती कुणी छिन्नीने पाडलेली नाही, दोर घासून घासून पडलेली आहे. त्या खाचेतून एक दोर खाली समुद्रात गेलेला असतो आणि त्याचं वरचं टोक कुणाच्या तरी हातात असतं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, बारा महिने. रात्री तो शेजारच्या लोखंडी कडीला बांधतात आणि कडीला एक लहानशी घंटा अडकवतात.

ग्रीसमधल्या मोठ्या, नावाजलेल्या बेटांच्या गर्दीत लिथारीला कोणी मोजत नाही. आमची सहलीची बोट तिथे थांबली तीही तीन तासांपुरती. उतरल्या उतरल्या धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा हातात दोर धरून खुर्ची टाकून बसलेला दिसला. गळ टाकून बसलाय असं वाटून आमच्यातल्या कमलिनीकाकूंनी चौकशी केली, "काही लागलं का?"

"तीनशे वर्षांत तरी नाही," तो म्हणाला.

त्याचं नाव स्तेलियोस. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात, आपल्याकडे काका म्हणतो तसं. बार्बा स्तेलियोसने चाळीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली होती, मुंबई बंदरही पाहिलं होतं, त्यामुळे त्याचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं आणि म्हणून समजायला सोपं होतं. हातातला दोर न सोडता त्याने आम्हाला जे सांगितलं ते असं.

लिथारीवर पूर्वी एकच धंदा होता, स्पंज काढण्याचा. आपल्याला फळा पुसायचा स्पंज ठाऊक. खरा स्पंज समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून वाढतो. तो काढणारा माणूस दहा-बारा किलोचा एक चपटा दगड छातीशी धरून पाण्यात उडी घेई. दगड त्याला सरळ तळाशी नेई. मनगटाला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. एक हिसका आला तर ती लाट किंवा मासा, तिकडे लक्ष द्यायचं नाही. लागोपाठ दोन हिसके आले तर ती खूण : ओढ. श्वास किती पुरेल ते घड्याळाशिवाय मोजायचं कसं? तर वरचे लोक एक ठरलेली प्रार्थना म्हणत. तीनदा म्हणून व्हायच्या आत माणूस वर आला पाहिजे.

दोर धरण्याचं काम सगळ्यात अवघड, असं बार्बाचं मत. खाली जाणाऱ्याला हातपाय तरी हलवता येतात. वरच्याला नुसतं बसावं लागतं.

हे सांगता सांगता तो मधेच थांबला, मान खाली घातली आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलं. आम्हीही उगाच गप्प झालो. थोड्या वेळाने बोट खाली घेऊन तो पुढे बोलू लागला. वयामुळे विसरत असेल, असं मला वाटलं.

तर त्या काळी सेवास्ती नावाची एक विधवा लिथारीत राहत होती. तिचा नवरा स्पंज काढतानाच गेला, म्हणे. मुलगा एकच, फोतिस, सव्वीस वर्षांचा. त्याच्याइतकं खोल जाणारा माणूस आसपासच्या कुठल्याच बेटावर नव्हता. इतर घरांत बाप किंवा भाऊ दोर धरी. फोतिसचा दोर त्याची आई धरायची. बाईमाणसाने धक्क्यावर बसावं हे गावाला रुचत नव्हतं, पण ती कुणाच्या हातात दोर द्यायलाच तयार नव्हती. नवऱ्याचा दोर दुसऱ्याच्या हातात दिला होता, तेवढं शहाणपण तिला पुरेसं झालं होतं.

त्या वर्षांत लागोपाठ दोन हिवाळे पाऊस पडला नाही. बेटावर नदी नाही, विहीर नाही. पावसाचं पाणी खडकातल्या टाक्यांत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. टाक्या तळाला गेल्या. शेळ्या मेल्या, मग तान्ही मुलं आजारी पडू लागली. ऑगस्टच्या मध्यावर मरियामातेचा सण असतो. देवळातली तिची तसबीर होडीत ठेवून बेटाभोवती फिरवतात. लोकांनी त्या वर्षी अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून सण केला. आणि परतताना, धक्का हाकेच्या अंतरावर असताना, वाऱ्याचा झपाटा आला आणि होडी कलंडली. माणसं पोहून आली. तसबिरीला चांदीची चौकट होती, ती सरळ तळाशी गेली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मातेने आपल्याला टाकलं, तसबीर वर आल्याशिवाय आता पाऊस नाही, असं गावाने ठरवलं.

धक्क्यापाशी समुद्र एकदम खोल आहे, तीस पुरुष, म्हणजे तीस माणसांच्या उंचीइतका, सहज. तिथवर जाणारा एकटा फोतिस. तो नाही म्हणाला नाही. पहिल्या दिवशी तो गेला आणि प्रार्थना दोनदा म्हणून व्हायच्या आत आईने त्याला वर ओढलं. हातात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तो वर येऊन धापा टाकत म्हणाला, "आई, मी खूण दिली नव्हती. मला चौकट दिसली होती."

मग काय, गाव तुटून पडलं. "तुझा एक मुलगा आणि आमची किती," असं बायका तिला तोंडावर म्हणाल्या. ज्यांच्या घरी लहान मुलं तहानेने रडत होती त्या बायका, त्यांना तरी कसा दोष द्यायचा? दोर दुसऱ्याकडे दे म्हणाले. तिने दिला नाही. शेवटी देवळाचे धर्मगुरू पापा अंथिमोस तिला रिकाम्या देव्हाऱ्यापुढे घेऊन गेले आणि म्हणाले, "सेवास्ती, दोर तूच धर. पण इथे शपथ घे, की खूण आल्याशिवाय ओढणार नाहीस."

"घेते."

"नुसतं घेते नको. कशाची घेतेस ते सांग."

तिला दुसरं होतं काय? ती म्हणाली, "फोतिसच्या जिवाची. खूण नसताना मी दोर ओढला, तर तो मला जिवंत दिसू नये."

बार्बा इथे समुद्राकडे बघून थुंकला. धर्मगुरूंनी तिथेच तिचं तोंड दाबायला हवं होतं, असं तो म्हणाला. पण ते म्हणाले, "आमेन." सगळं गाव म्हणालं, "आमेन."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोतिसने दगड उचलला. आईला म्हणाला, "आज घाई करू नकोस." तिने मान हलवली. त्याने उडी घेतली, दोर सळसळत खाली गेला आणि थांबला. गाव प्रार्थना म्हणू लागलं. एकदा म्हणून झाली. दुसऱ्यांदा झाली. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज हळूहळू कमी झाले, लोक शब्द लांबवू लागले, संपू नये म्हणून. पण संपली.

"ओढ," असं पहिल्यांदा कोण म्हणालं, तर खुद्द पापा अंथिमोस.

"खूण आली नाही," सेवास्ती म्हणाली.

"ओढ बाई. मी तुला शपथेतून सोडवतो."

"पापा, शपथ तुमच्या जिवाची नाही. त्याच्या जिवाची आहे. मी ओढलं तर तो मरेल."

"आणि नाही ओढलं तर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती आणि ती गावानेच केली होती. चार गडी पुढे झाले. तिने दोर कमरेभोवती गुंडाळून घेतला होता. ती म्हणाली, "जो हात लावेल त्याने माझ्या मुलाला मारलं." तेवढ्यावर ते गडी थांबले. आयुष्यभर दोर ओढलेली माणसं, कुठल्या क्षणी काय करायचं हे झोपेत विचारलं तरी सांगतील अशी. पण शपथेला आमेन त्यांनीही म्हटलेलं होतं. ते हात खाली सोडून उभे राहिले. दोघांनी दगड घेऊन उड्या मारल्या. अर्ध्यावरूनच परतले, नाकातून रक्त येत होतं. चौथ्यांदा प्रार्थना सुरू करायचं धाडस कुणाला झालं नाही.

संध्याकाळ झाली तरी सेवास्ती बसून होती. दुसऱ्या दिवशीही. दोर ओढेपर्यंत फोतिस मेलेला नव्हता, एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. ते ती कसं सोडणार? टाकीतलं उरलंसुरलं पाणी बायका तिला आणून पाजत, म्हणे. ज्या तिला बोलल्या होत्या त्याच.

"मग पाऊस?" कमलिनीकाकूंनी न राहवून विचारलं. "पाऊस तरी आला का हो?"

"आला की," बार्बा म्हणाला. "नवव्या दिवशी. टाक्या भरून वाहिल्या. तसबीर खाली, फोतिस खाली, आणि वर धो धो पाऊस. त्याला यायचं होतं तेव्हा तो आला."

मला तर त्या पावसाचा राग आला. आणखी नऊ दिवस थांबायचं, एवढंच करायला हवं होतं. पण हे त्यांना कुठून कळणार होतं?

सेवास्ती त्या पावसातही उठली नाही. गावाने तिच्या डोक्यावर छप्पर घातलं. ती तिथे एकोणीस वर्षं बसली, असं सांगतात. दोर कुजला की पापा अंथिमोस नवा दोर आणून जुन्याला वरून जोडून देत, ती एका हाताने जुना धरून ठेवी आणि दुसऱ्याने नवा घेई. एवढ्या वर्षांत दोघांत बोलणं म्हणून झालं नाही. मरायला टेकली तेव्हा मात्र तिने त्यांना हाक मारली. "पापा, खूण अजून आलेली नाही," एवढं सांगून दोर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. ते मरेपर्यंत देऊळ बंदच राहिलं, कारण पूजा करायला हात मोकळे नव्हते. त्यांच्यानंतर गावाने घराघरांत पाळ्या लावल्या. आमेन सगळ्यांनी म्हटलं होतं, तेव्हा दोरही सगळ्यांचा.

त्या वेळी लिथारीत चारशे घरं होती. वर्षातून एखादा दिवस वाट्याला यायचा. मग समुद्रातले स्पंज रोगाने मेले, पुढे कारखान्यातले स्पंज निघाले, माणसं अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. आज बेटावर सहा जण आहेत, सगळ्यात तरुण बाई एकाहत्तर वर्षांची. दर सहाव्या दिवशी बार्बाची पाळी येते. त्याची मुलगी मेलबर्नला असते. ती दर आठवड्याला फोन करून विचारते, बाबा, कधी येताय?

निघायची वेळ झाली होती. कमलिनीकाकूंनी भीत भीत विचारलं, "खाली कुणी पाहिलंय का कधी? टोकाशी काय आहे ते?"

बार्बाने सांगितलं, तो बावीस वर्षांचा असताना धक्क्याच्या दुरुस्तीसाठी पाणबुडे आले होते. त्यांच्यातल्या एकाचा रबरी पोशाख आणि हवेची नळकांडी मागून घेऊन तो एकटा खाली गेला. दोराला धरून धरून टोकापर्यंत.

"काही नाही. हाड नाही, दगड नाही, चौकट नाही. वाळूत दोराचं कुजलेलं टोक पडलंय, शेळीच्या शेपटीसारखं. कशालाच बांधलेलं नाही."

"मग गावात सांगितलंत?"

"नाही. वर आलो, अंग पुसलं आणि इथे येऊन बसलो. त्या दिवशी पाळी आमच्या घराची होती. आई दोर धरून माझी वाट बघत होती."

"आणि तुम्हा सगळ्यांनंतर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कडी आहे की," बार्बा म्हणाला आणि त्याने त्या लोखंडी कडीकडे बोट दाखवलं. मिठाने खाऊन ती अर्धी झाली होती. घंटेतला लोळा कधीच पडून गेलेला होता.

आम्ही बोटीकडे निघालो. वाटेत देवळाचं दार उघडं होतं, आतला देव्हारा अजून रिकामाच आहे. आम्ही चढल्यावर बोटीची यंत्रं सुरू झाली, मागे पाणी घुसळलं आणि तिची लाट धक्क्याकडे सरकत गेली. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहून हात हलवत होतो. लाट दगडावर आपटली, खाचेतला दोर हलला आणि बार्बाने हात वर केला. आमच्यातले काहीजण म्हणाले, बघा, म्हातारा निरोप देतोय.

तो निरोप देत नव्हता. मान खाली घालून, एक बोट वर धरून तो दुसऱ्या हिसक्याची वाट बघत होता. काकू माझ्या शेजारी श्वास रोखून उभ्या होत्या. धक्का लहान होत गेला, माणूस दिसेनासा झाला. दिसत होतं तोवर तरी त्याने वर धरलेलं बोट एकच होतं.

आजही लिथारीच्या शेवटच्या दगडाला ती खाच आहे, आणि खाचेत दोरही असणार. वरच्या टोकाला अजून कुणी बसतं का, हे मात्र मला ठाऊक नाही. ती बोट आता तिथे थांबत नाही.