शेटांच्या माजघरातला नाग

आमच्या बोरतळे गावाचे भाग्यच थोर! पंचक्रोशीतली श्रीमंत गावे सोडून श्रीअवधूतपुरी महाराजांनी मुक्काम केला तो आमच्या तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळात. आणि महाराजांची लाडकी भक्त भागूबाई परटीण हीदेखील आमच्याच गावची, हे आम्ही आजही छाती फुगवून सांगतो.

महाराज तिला एकदा म्हणाले, "भागू, घरात देवाला हिंडायला जागा ठेव गं." बाईने ते मनावर घेतले. दर अमावास्येला ती घरातली झाडून सारी चीजवस्तू अंगणात काढी, लागेल तेवढीच आत नेई आणि उरलेली गरजवंताला देऊन टाकी. तिचे घर कसे लख्ख आणि मोकळे असे!

गावचे त्र्यंबकशेट मात्र तिची टर उडवीत. "भागूकडं चोर शिरला, तर बिचारा पदरचंच काहीतरी ठेवून जाईल!" शेटांचे स्वतःचे घर पेट्या, पिंपे, मोडक्या खाटा आणि रिकाम्या डब्यांनी गच्च भरलेले. काही म्हणून टाकायचे नाही, आणि वर त्याचाच तोरा!

शेटांची सून जानकी हिचे दिवस भरले होते. एका दुपारी माजघरात तिला कळा सुरू झाल्या. सुईण आत जाणार, तोच दारालगतच्या पसाऱ्यातून फुत्कार आला. फणा काढून भलामोठा नाग बसला होता! मागचे दार पेट्यांखाली कधीचे बुजलेले. काठ्या घेऊन आलेले गडी उंबऱ्यावरच थिजले. मारायला जावे तर नाग पसाऱ्यात शिरणार, आणि मग कुठून निघेल याचा नेम नाही. आतून जानकीची किंकाळी आली आणि शेट रडकुंडीला आले. "अरे, कुणीतरी वाचवा रे माझ्या सुनेला!"

गलका ऐकून महाराज आले, पाठोपाठ भागूबाई. महाराज म्हणाले, "भागू, तुझ्या घरी हिंडणाऱ्या देवाला आज या घरात घेऊन जा."

"व्हय म्हाराज," म्हणत तिने पदर खोचला आणि ती आत शिरली. नागाशेजारची पेटी उचलून तिने मागे गड्यांकडे दिली. नाग डोलला, फुत्कारला, पण त्याने दंश केला नाही. महाराज उंबऱ्यात हात जोडून उभे होते. एकेक वस्तू अंगणात येत गेली. काय त्या बाईची छाती म्हणावी! दारालगतचा शेवटचा डबा हलला, तसा नागाने फणा मिटला, महाराजांच्या पायांना वळसा घातला आणि तो तळ्याकडे निघून गेला.

जानकीला उचलून भागूबाईच्या घरी नेले. तिथे उजेडात, मोकळ्या जागेत ती सुखरूप सुटली. मुलगी झाली.

शेट धावत आले ते महाराजांच्या पायांवर पडायला. महाराज मागे सरले. "मी कुठं आत गेलो होतो? तिच्याकडे जा."

शेट भागूबाईपुढे उभे राहिले. अंगणातल्या ढिगातून उचललेला एक पितळी डबा अजून त्यांनी छातीशी धरला होता. "भागूबाई, मी तुम्हाला हसलो. चुकलो."

"ऱ्हाऊ द्या शेट. आधी नातीला घ्या," ती म्हणाली. "पर तिला घ्यायला दोन्ही हात लागत्यात."

शेटांनी डबा खाली ठेवला, भागूबाईच्या पायांवर डोके टेकले आणि मगच नातीला उचलले.