शिळी कणीक

फार जुनी गोष्ट नाही, आपल्याच काळातली आहे. नदीकाठच्या एका गावी एक वृद्ध पखवाजवादक राहत होते. गाव त्यांना बुवा म्हणे. त्यांच्याकडे लांबलांबून शिष्य येत आणि बहुतेक जण अर्ध्यावर सोडून जात. कारण बुवा पखवाजाला हात लावू देण्याआधी तोंडाने बोल म्हणायला लावीत. हाताने टाळी धरायची आणि बोल म्हणायचे, चुकेपर्यंत, आणि मग चुकणं थांबेपर्यंत. याला पढंत म्हणतात. ज्याला बोटं नाचवायची घाई असते, त्याला हे तोंड झिजवणं मानवत नाही. चार लोकांत मिरवता येत नाही ना त्यात काही.

टिकली ती एक कुमुद. गावातली पिठाची गिरणी ती चालवी. दुपारी गिरणी बंद केली की अंगावरचं पीठ झटकायची आणि बुवांपुढे येऊन बसायची. येताना वाटीभर पीठ आणायची. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय त्यातून तो खोल, घुमणारा नाद निघत नाही. वाजवण्याआधी कणीक ताजी भिजवून लावायची, वाजवून झालं की काढायची आणि गाईला घालायची. रोज हेच. 'बुवा, कालचीच ठेवली तर?' असं एखाद्या नव्या शिष्यानं विचारलं, तर बुवा त्याच्याकडे नुसतं बघत. तेवढ्यानं भागे.

मग बुवांच्या गळ्यात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. शस्त्रक्रिया केली तर जीव राहील, आवाज जाईल. तारीख पौर्णिमेनंतरची ठरली.

घरी आल्यावर बुवा कुमुदला म्हणाले, "गळा ज्यानं दिला त्यानं खुशाल परत न्यावा. पण बोल माझे नाहीत. माझ्या गुरूंनी दिलेत, त्यांना त्यांच्या गुरूंनी. ते गळ्याबरोबर जाता कामा नयेत."

"नाही जाणार," कुमुद म्हणाली. ती उगीच शब्द देणारी बाई नव्हती. दिला की मात्र गळ्याशी आलं तरी सोडत नसे.

खरं तर वर्षभर तिचं तेच काम चाललं होतं. बुवा एकेक परण म्हणत आणि ती ते ध्वनिमुद्रित करी. परण म्हणजे बोलांची बांधलेली लांब रचना. कागदावर बोल उतरतात, पण श्वास कुठे घ्यायचा, कुठला बोल दाबायचा, कुठला सोडून द्यायचा, हे कागदाला कळत नाही. म्हणून आवाजच ठेवायचा होता. सगळी ध्वनिमुद्रणं गिरणीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि तो कॉम्प्युटर बुवांपेक्षा जास्त खोकत होता. शेवटी येऊन गेलेल्या शिष्यांनी मिळून अगदी नव्या बनावटीचा, झाकण मिटणारा कॉम्प्युटर घेऊन दिला. आता एवढंच उरलं की सगळा साठा क्लाउडवर ठेवायचा. क्लाउड म्हणजे काही आभाळ नव्हे, दूरचं कोठार आहे. इंटरनेटवरून आपली वस्तू तिथे ठेवायची. घरचं यंत्र जळालं तरी वस्तू राहते, आणि दुसऱ्या गावचा शिष्यही ती काढून ऐकू शकतो.

कोठारं पुष्कळ आहेत आणि त्यांत माल नेऊन ठेवणारी सॉफ्टवेअरं त्याहून जास्त. त्यातलं कुठलं घ्यायचं, हे विचारायला कुमुद दोन्ही कॉम्प्युटर घेऊन तालुक्याला कॉम्प्युटर विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेली.

व्यापारी म्हणाला, "ताई, डोकं कशाला शिणवता? तुमच्या जुन्यात जे आहे तेच नव्यात टाकून देतो. अख्खा तालुका तेच वापरतो. जागाही पोतंभर मिळते."

"नव्या यंत्रावर चालेल का ते?"

"चालेल म्हणजे? पळेल. आणि जुना डबा इथेच ठेवून जा, बदल्यात काहीतरी सूट देतो."

कुमुदला ते पटलं. ओळखीचं होतं, सगळे वापरत होते, आणि पौर्णिमा जवळ येत होती. माणूस घाईत असला की ओळखीच्या दारातच शिरतो, मग आतलं घर पडलेलं का असेना. तिनं सगळा साठा नव्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला, जुना व्यापाऱ्याकडे सोडला आणि घरी येऊन माल कोठारात चढवायला लावला.

कॉम्प्युटर तापू लागला. नवा कोरा, घरात आल्यापासून ज्याचा श्वासही ऐकू आला नव्हता, त्याची पाठ तव्यासारखी झाली. कुमुदला वाटलं, नवीन आहे, रुळेल. मग एकेका मुद्रणापुढे हिरवी खूण उमटू लागली. सगळ्यांपुढे उमटल्यावर पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व साठा पोचला आहे, येथील जागा मोकळी करावी काय?' कुमुदनं 'होय' दाबलं. तालात वाढलेली बाई ती. सम आली की आवर्तन पूर्ण झालं, असं तिच्या हाडात बसलेलं. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. सगळं फिरून जिथे येऊन टेकतं ती जागा. हिरवी खूण तिला समेसारखी वाटली. तिनं मनातल्या मनात मान हलवली आणि कॉम्प्युटर मिटला.

दुसऱ्या दिवशी बुवांना तिनं आनंदानं सांगितलं, "झालं बुवा. सगळं पोचलं."

"कशावरून?"

"खूण आली ना. हिरवी. सगळ्यांपुढे."

 डॉक्टरांनी बुवांना कमी बोलायला सांगितलंच होतं. ते उठले, कोनाड्यातून काहीतरी घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवलं. काल जुन्या पखवाजावरून काढलेला कणकेचा गोळा होता तो. वाळून भाकरीच्या कडेसारखा झालेला. गाईला घातला नव्हता.

"नवा पखवाज घे," बुवा म्हणाले. "ही लाव त्याला."

कुमुदनं त्यांच्याकडे पाहिलं. बुवांनी नुकत्याच आणवलेल्या त्या नव्या पखवाजाचं कातडं अजून कोवळं होतं. "बुवा, पीठ आणलंय मी ताजं."

"ही लाव."

तिनं गोळ्याची पाठ पाण्यानं ओली केली आणि दाबून बसवली. बसली. बुवांनी टाळी धरली आणि तिनं त्यांचं आवडतं परण धरलं. पहिली धा बरी घुमली. दुसरीही चालून गेली. मग कणकेची कड उचलली, नादात भुरभुर शिरली, आणि परणाच्या मध्यावर गोळा निम्मा सुटून लोंबायला लागला. पण कुमुद आता कच्ची नव्हती. तिनं डावा हात हलका केला, खोल बोल गिळले, उजव्या हातानं भरपूर गडगडाट केला आणि परण आणून बरोबर समेवर टाकलं.

"सम कशी आली?" बुवांनी विचारलं.

"बरोबर आली."

"आणि मधलं?"

कुमुदनं मान खाली घातली. "मधलं खाल्लं मी."

"बाहेर ओसरीवर कुणी बसलेला असता, त्याला कळलं असतं?"

"सम बघून मान हलवणाऱ्याला नसतं कळलं."

बुवांनी पखवाजावरचा तो लोंबता गोळा सोडवला आणि तळहातावर घेतला. मग सावकाश, गळा जपत बोलले, "पोरी, यंत्रातलं मला काही कळत नाही. कणकेतलं कळतं. ही कणीक वाईट नव्हती. काल जुन्या पखवाजावर तिनं उत्तम काम केलं. पण ती त्या कातड्यासाठी, त्या दिवसाच्या हवेत भिजवलेली होती. नव्या कातड्यावर ती चिकटते, गळून पडत नाही, आणि तोच घात आहे. पडली असती तर तू लगेच दुसरी लावली असतीस. अर्धवट धरून राहणारी वस्तू माणसाला फसवते. आणि समेचं म्हणशील, तर मधल्या मात्रा गिळूनही सम गाठता येते. हे तू आत्ताच मला दाखवलंस. म्हणून तर मी शिष्याला कधी पहिल्यापासून म्हणायला सांगत नाही. मधूनच उचल म्हणतो. ज्याच्याकडे ते खरं आहे, तो कुठूनही उचलतो."

कुमुद तशीच उठली. हातही धुतले नाहीत. घरून नवा कॉम्प्युटर उचलला, मिळाली त्या जीपनं तालुक्याला गेली आणि व्यापाऱ्याच्या दुकानात शिरली.

"तुमचा कॉम्प्युटर द्या मला."

"ताई, गिऱ्हाईक बसलंय..."

"बसू दे. त्यालाही कळेल."

तिनं त्याच्या कॉम्प्युटरवरून आपलं कोठार उघडलं. नावं सगळी ओळीनं होती आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. तिनं पहिलं मुद्रण मधूनच लावलं. वाजलं. पुढचंही वाजलं. मग मोठ्या परणांवर आली. एक उघडलं, त्यात काही नव्हतं. दुसरं मध्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, बुवांचा श्वास घेतल्याचा आवाज तेवढा शेवटचा. तिसऱ्याचं नुसतं नाव. लहान लहान सगळं पोचलं होतं आणि घराण्याचं जे खरं धन, ती लांब परणं वाटेत सांडली होती. घरच्या यंत्रातली जागा तर तिनं स्वतःच्या हातानं मोकळी केली होती.

"माझा जुना कॉम्प्युटर कुठे आहे?"

व्यापारी खाली बघू लागला. "तो पुसला ताई. गेलाही. मला काय माहीत..."

"तुम्हांला काय माहीत होतं तेवढं सांगा. हे सॉफ्टवेअर या नव्या यंत्रासाठी केलेलं आहे का? आता हो की नाही, एवढंच."

व्यापारी गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाला, "तसं नाही. जुन्या बनावटीसाठी आहे. नव्या यंत्रात मधे एक दुभाष्या असतो, तो याचं बोलणं यंत्राला समजावतो. बहुतेकांचं भागतं. मोठा माल असला की यंत्र तापतं, झाकण मिटलं की काम मधेच राहतं. पण खूण आधीच येते."

"खूण येते," कुमुद म्हणाली. "माझ्या म्हातारीला स्वयंपाक जमेनासा झाला तेव्हा तीही रिकाम्या ताटावर झाकण घालून ठेवायची. आम्ही निदान झाकण उचलून बघायचो."

गिऱ्हाईक हसलं. व्यापारी हसला नाही, आणि हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं स्वतःहून दुसरी सॉफ्टवेअरं पुढे काढली. कुमुद आता जाहिरात वाचत नव्हती, जागा किती मिळते हेही विचारत नव्हती. नव्या यंत्रासाठीच लिहिलंय ना, की यालाही दुभाष्या लागतो, हे ती आधी विचारी. मग सोबत आणलेला कॉम्प्युटर उघडून दुकानातली गाण्याची मोठ्यात मोठी फाइल चढवायला लावी, मधेच झाकण मिटी, पुन्हा उघडी, आणि हात पाठीवर ठेवून बघे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. शेवटी व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन तीच फाइल मधून उचली. एक फार नावाजलेलं होतं, ते झाकण मिटताच हरवलं. एक चाललं, पण आपला माल परत काढून न्यायचा म्हटलं तर सतरा वाटा फिरवी.

"ठेवताना दार सताड आणि नेताना बोळ," कुमुद म्हणाली. "हे नको."

जे टिकलं, त्याचं नावही तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. जागा बेताची होती. पण यंत्र थंड राहिलं आणि फाइल मधून उचलली तेव्हा मधूनच वाजली. तिनं ते घेतलं.

आता प्रश्न उरला सांडलेल्या परणांचा. ती बुवांपुढे जाऊन बसली आणि जे झालं ते सरळ सांगितलं, एक शब्द मऊ केला नाही. बुवांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि टाळीसाठी हात पुढे केला.

"बुवा, डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरांना गळा जपायचा आहे. तो तसाही जाणार. मग जाण्याआधी कामाला का लावू नये?"

पौर्णिमेपर्यंत गिरणी बंद राहिली. गावातल्या बायांनी शेजारच्या गावी जाऊन दळण आणलं आणि थोडी बडबडही केली. बुवांचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. फाटत होता, मधेच कुजबुजीवर येत होता. एखादं परण पुरं व्हायला सकाळची दुपार होई. पण ते म्हणत राहिले आणि कुमुद घेत राहिली. प्रत्येक परण कोठारात गेलं की ती आधी ते फोनवर मधून उचली, मगच बुवांना मानेनं सांगे. खुणेकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. शेवटचं परण झालं तेव्हा बुवांनी स्वतः नव्या पखवाजाला ताजी कणीक लावली, एक धा वाजवली आणि ती संपेपर्यंत ऐकत बसले.

शस्त्रक्रिया झाली. शहरातल्या दवाखान्यात बुवा उशाला टेकून बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी. कुमुद शेजारी बसली. आवाज नाही म्हणून बोलणं थांबलं होतं असं नाही. बुवांनी तिच्या फोनकडे बोट दाखवलं. तिनं सगळ्यात लांब परण काढलं आणि पहिल्यापासून लावायला गेली. बुवांनी हात वर करून थांबवलं, आणि हवेत एक बोट उचललं.

मधून.

तिनं परण मध्यावर नेलं आणि लावलं. बुवांचा फाटका, खरा आवाज त्या खोलीत आला. श्वास जिथे घ्यायचा तिथे घेतलेला, दाबायचे ते बोल दाबलेले. बुवांनी चादरीवर ताल धरला. पुढे सम आली तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. ती आधीच हलली होती, मधेच कुठेतरी, आणि कुमुदनं ती पाहिली होती.

तुमच्या घरीही जपण्यासारखं काहीतरी असेलच. कोठार कुणाचं घ्यायचं ते घ्या. पण आधी आपलं यंत्र कुठलं ते बघा, आणि हिरवी खूण आली म्हणून निजू नका, उठून एकदा मधून उचलून बघा.