नळाची दृष्ट

वैशाख पेटला होता आणि राजा मानाजी सिंहासनावर घामाने निथळत होता. पलीकडे वाळ्याच्या खोलीत गडी भाता ओढून ओढून दमले होते. तिथला गार वारा केरबा तांबटाने बसवलेल्या पत्र्याच्या नळातून, दरबाराच्या छताखालून, थेट सिंहासनापर्यंत यायचा होता. येत मात्र काहीच नव्हतं.

"केरबा, उद्यापर्यंत नळाचे सांधे हवाबंद झाले पाहिजेत," राजा गरजला. "पण छतावर चित्रं आहेत. हातोडी घेऊन तू वर चढायचं नाहीस. जमलं नाही तर गाव सोड!"

केरबाने हातोडी पिशवीत टाकली. त्याची लेक ठकू मात्र दरबार न्याहाळत होती. एवढ्या काहिलीत प्रधानजी शाल पांघरून बसले होते. खजिनदारांनी कानटोपी चढवली होती. राजवैद्य तर उपरण्यात गुरफटून कुडकुडत होते. बिचाऱ्यांच्या प्रकृती नाजूक असाव्यात!

"महाराज, नळाला दृष्ट लागलीय," ठकू म्हणाली. "मी काढते. तोवर कुणी जागा सोडायची नाही."

"काढ बाई," राजा म्हणाला. त्याचा दृष्टीवर भारी विश्वास.

ठकूने वाळ्याच्या खोलीत भात्याजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि तिच्यात मूठभर मिरच्या टाकल्या. गड्यांनी नाकाला फडकी बांधून भाता ओढला. जरा वेळाने प्रधानजींना ठसका लागला. मग खजिनदारांना. मग राजवैद्यांना. राजाला साधी शिंकही आली नाही.

"आम्हाला ठसका नाही म्हणजे दृष्ट जबरदस्तच," राजा धास्तावला. "कुणाची गं?"

"खोकतायत त्यांची. वारा त्यांच्याच डोक्यावर उतरतोय. बाबांनी सगळे सांधे सारखेच ठोकले होते. नेमके यांच्याच डोक्यावरचे कसे उसवले, ते यांनाच विचारा."

प्रधानजींना पुष्कळ बोलायचं होतं. खोकला बोलू देईना. त्यांच्या आसनामागे लपवलेली लांब टोकदार काठी तेवढी घरंगळून पुढे आली.

"चोर सापडले," राजा म्हणाला, "पण सांधे कोण बुजवणार? तुझ्या बापाला तर वर चढायची बंदी."

"बाबा कशाला चढतील? मिरच्या टोपलीभर उरल्यात. भाता चालू राहू द्या."

भाता चालू राहिला. प्रधानजी धडपडत आसनावर उभे राहिले आणि त्यांनी शाल फाडून सांध्याला गुंडाळली. खजिनदारांनी कानटोपी कोंबली, राजवैद्यांनी उपरणं आवळलं. केरबा खालूनच फटी लिंपायला राळेची वाटी पुढे करत होता. हळूहळू सगळ्यांचा खोकला थांबला.

आणि सिंहासनावर राजा फटाफट शिंकायला लागला.

"अगं, हे काय!"

"उतरली दृष्ट, महाराज. वारा पोचला."

राजा खोकता खोकता हसला आणि हसता हसता पुन्हा खोकला. गळ्यातला कंठा काढून त्याने ठकूच्या हातात ठेवला.

"घे पोरी. पण आधी ती मिरची विझव!"